सहा पस्तीस ते सहा बावन्न

"पोहे भिजवायचे नसतात, धुवायचे असतात." सासूबाईंनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. लग्नाआधी लातूरला मी घरी पोहे करतच होते, चारपाच माणसांचे, सणावाराला किंवा पाहुणे आले की. त्यामुळे पोह्यांत काय शिकायचं, असं मला वाटायचं. सव्वाशे प्लेट पोहे वेगळेच असतात हे २०१५ मध्ये कळलं. सासूबाईंचे, म्हणजे आमच्या आईंचे, गुडघे गेले आणि त्यांचा पोह्यांचा गाडा माझ्याकडे आला, ते हेच वर्ष.

आमचा गाडा पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर असतो. पोहे, उपीट आणि दोन्हींचं मिक्स, एवढंच मिळतं. चहा शेजारचे मामा देतात. हे एका वर्कशॉपमध्ये व्हीएमसी ऑपरेटर आहेत, म्हणजे धातूचे भाग कापणारं संगणकी मशीन चालवतात, त्यामुळे गाडा पूर्णपणे आम्हा बायकांचाच. आईंनी तो २००६ ला सुरू केला तेव्हा नाक्यावर एक पानटपरी होती, बाकी काही नव्हतं.

आमच्या धंद्याची खरी वेळ सतरा मिनिटांची आहे. पहिली पाळी सातला सुरू होते. कामगारांच्या बस नाक्यावर सहा पस्तीसला थांबतात. गेटवर पंचिंग सहा पंचावन्नच्या आत व्हावं लागतं, आणि नाक्यावरून गेटपर्यंत चालत तीन मिनिटं लागतात. म्हणजे सहा पस्तीस ते सहा बावन्न. एवढ्या वेळात सत्तर-ऐंशी प्लेट जातात. त्यानंतर साडेसात ते दहापर्यंत गिऱ्हाईक असतं, पण ते सावकाशीचं. ट्रकवाले, वॉचमन, बँकेतली मुलं, रात्रपाळी सुटलेली माणसं. त्यांना दोन मिनिटं थांबायला सांगितलं तर ती थांबतात. सहा पस्तीसच्या माणसाला थांबवता येत नाही. तो उपाशी आत गेला की साडेअकराच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत मशीनवर उभा असतो. हे मला आईंनी सांगून पटलं नव्हतं, ह्यांनी सांगून पटलं. ते स्वतः तसे उभे राहतात.

मग सगळं काम त्या सतरा मिनिटांपासून मागे मोजत यायचं. सहा वीसला पहिला घाणा तयार हवा, म्हणजे सहाला फोडणी. सहाला फोडणी घालायची तर पाच चाळीसला शेगडी पेटलेली हवी, म्हणजे सव्वापाचला गाडा शेडमधून बाहेर. त्याआधी घरी कांदा चिरायचा. आदल्या रात्री चिरून ठेवलेल्या कांद्याला वास येतो आणि फोडणीत पाणी सुटतं, म्हणून तो पहाटेच चिरायचा. रवा मात्र रात्री भाजून ठेवला तरी चालतो. शेंगदाणे रात्री तळून डब्यात. मिरच्यांचे देठ रात्री काढायचे. गजर सव्वातीनचा.

आता धुण्याबद्दल. जाड पोहे घ्यायचे. रोवळीत घालून वरून पाणी सोडायचं, हाताने एकदा हलवायचं, दुसरं पाणी सोडायचं आणि रोवळी तिरकी करून ठेवून द्यायची. दहा मिनिटांनी दाणा चिमटीत धरला तर मोडला पाहिजे, पण त्याचं पीठ होता कामा नये. घरच्या अर्धा किलोला हे सोपं असतं. तीन किलोच्या घाण्यात खालचे पोहे वरच्यांच्या वजनाने दबतात, खाली लगदा होतो आणि वरचे कोरडे राहतात. त्यामुळे मी तीन रोवळ्या वापरते, एकेकीत किलोभर. सुरुवातीचा महिनाभर मी रोज एक घाणा बिघडवत होते. आई खुर्चीवर बसून नुसतं बघायच्या. एकदा म्हणाल्या, "अगं, पाणी पोह्यांना विचारून घालायचं असतं. पावसाळ्यात त्यांनी हवेतलं पाणी आधीच पिलेलं असतं." तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी एकच पाणी सोडते, आणि एप्रिल-मेमध्ये धुऊन झाल्यावरही वरून हबका मारते.

प्रत्येक पोत्याचा स्वभावही वेगळा. आमच्या दुकानदाराकडे कधी नवसारीचा माल येतो, कधी छत्तीसगडच्या भाटापाऱ्याचा. पोतं बदललं की पहिल्या दिवशी मी घरी मूठभर पोहे धुऊन बघते आणि मगच घाणा लावते. मी पोह्याचं पोतं फोनवर कधी मागवत नाही. दुकानात जाऊन मूठ भरून बघते, तळाशी चुरा किती आहे ते पाहते. चुरा जास्त असला की किलोमागे दोन प्लेट कमी निघतात. चांगल्या मालाच्या किलोला माझ्या पळीने चौदा प्लेट होतात.

पोहे तीन तास गरम आणि मऊ ठेवणं हे त्याहून अवघड. मंद आचेवर ठेवले तर बुडाला लागतात, शेगडीवरून उतरवले तर वीस मिनिटांत सुकतात. आमच्याकडे मोठ्या पातेल्यात पाणी उकळत असतं, त्यावर परात, परातीत पोहे आणि वरून ओलं मलमलचं फडकं. वाफेवर पोहे दहापर्यंत टिकतात. ही युक्ती आईंना इंदूरच्या एका ट्रक ड्रायव्हरने सांगितली होती. उपिटाचं उलटं आहे. ते बसून बसून घट्ट होतं, म्हणून आधीच सैल करायचं आणि दुसऱ्या घाण्यासाठी आधण बाजूला तयार ठेवायचं.

मी उशीर केला तो एकच दिवस. २०१७ चा डिसेंबर होता, थंडी खूप होती. सहा दहाला फोडणीत कांदा पडला आणि गॅस संपला. सिलिंडर हलवून बघितला, आडवा केला (असं कधी करू नये, हे नंतर कळलं), पण ज्योत काही येईना. दुसरा सिलिंडर घरी होता. ह्यांना फोन केला, ते गाडीवर घेऊन आले तोवर सहा पंचेचाळीस झाले होते. बस येऊन गेल्या होत्या. लोक गाड्यापाशी आले, कच्चा कांदा बघितला आणि पलीकडच्या इडलीवाल्याकडे गेले. त्या दिवशी पाच किलो पोहे उरले. शेजारच्या शाळेतल्या मावशींना दिले, वॉचमनना दिले, तरी उरले. ते नुकसान एका दिवसाचं होतं. खरं नुकसान दुसऱ्या दिवशी कळलं, रोजच्या वीसेक माणसांनी नुसती मान हलवली आणि इडलीकडे गेली. त्यांचा राग नव्हता. पण आपल्या सतरा मिनिटांत जुगार कोण खेळेल? ती माणसं परत यायला तीन आठवडे लागले, आणि काही आलीच नाहीत. तेव्हापासून गाड्याखाली भरलेला दुसरा सिलिंडर असतोच. पहिला लावला त्या दिवसाची तारीख मी खडूने त्याच्यावर लिहिते. १९ किलोचा निळा सिलिंडर आम्हाला आठ दिवस जातो, सातव्या दिवशीच मी तो बदलते आणि उरलेला गॅस घरी कांदा-मसाला भाजायला येतो. घरगुती लाल सिलिंडर गाड्यावर कधी आणला नाही. तो धंद्याला वापरणं बेकायदा आहे, आणि एकदा पकडलं की सगळंच जातं. निळ्याचा भाव महिन्याच्या एक तारखेला बदलतो. एक तारखेला सकाळी मी आधी तो बघते, मग दुसरं काम.

गाडा उचलून नेला होता, तेही सांगते. २०१६ ची गोष्ट आहे. सकाळी नऊच्या सुमारास अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. गाडा, दोन्ही शेगड्या, सिलिंडर, परातीतले तीन किलो पोहे, सगळं वर चढवलं. मी नुसती उभी राहिले. हात पोह्यांचे होते, ते पुसायचंही सुचलं नाही. आमच्या नाक्यावरच्या फेरीवाला संघटनेतल्या एका काकांनी मला दुसऱ्या दिवशी बसवून २०१४ चा पथविक्रेता कायदा समजावला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत जुन्या विक्रेत्याला हटवता येत नाही. हटवायचंच असेल तर तीस दिवसांची नोटीस लागते. जप्त केलेला नाशवंत माल मागितल्यावर त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत द्यावा लागतो. मी वहीत लिहून घेतलं आणि अर्ज घेऊन गेले. दंड भरून गाडा पाचव्या दिवशी मिळाला, एक शेगडी मिळालीच नाही. पण अर्जावर शिक्का मारून घेतलेली प्रत माझ्याकडे राहिली. पुढे सर्वेक्षण झालं तेव्हा २००६ पासूनच्या पावत्या आणि ही प्रत जोडली, आणि आमचं नाव यादीत आलं.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा मान्य केली. गाडा वळणाला अगदी लागून होता आणि बस वळताना ड्रायव्हरला अडचण व्हायची. परत आणल्यावर आम्ही तो पंधरा फूट मागे घेतला. धंदा कमी झाला नाही, उलट लोकांना उभं राहायला भिंत मिळाली. गाड्याच्या खणात आता एक जाड पिशवी असते. त्यात प्रमाणपत्र, अन्न सुरक्षा नोंदणीची प्रत, दंडाच्या पावत्या आणि शिक्का मारलेला तो अर्ज. नोंदणीला वर्षाला १०० रुपये लागले, पाच वर्षांची एकदम करून घेतली. तेव्हा बारा लाखांच्या आत उलाढाल असलेल्यांना एवढंच पुरायचं. हे आधीच करायला हवं होतं. गाडा चालू झाला त्याच आठवड्यात कागद करा, असं मी नवीन येणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

ही पिशवी २०२० मध्ये कामाला आली. मार्चमध्ये कारखाने बंद झाले तेव्हा घरात दीड पोतं पोहे होते. आमच्या चाळीतल्या झारखंड-बिहारच्या मुलांना आम्ही ते शिजवून घातले, त्यांचं रेशन संपलं होतं. मे महिन्यात बरीच मुलं गावी गेली. उधारीच्या वहीत तेव्हा ६,१४० रुपये होते. कारखाने सुरू झाल्यावर त्यातली निम्मी मुलं परत आली आणि एकेकाने पैसे आणून दिले. २,९०० तसेच राहिले. ते पान मी फाडलेलं नाही, त्या नावांवर काटही मारलेली नाही.

त्या वर्षी १ जूनला केंद्राची पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना सुरू झाली. पहिलं कर्ज तेव्हा १०,००० रुपये, तारण काही नाही, हप्ते वेळेवर भरले तर व्याजात सात टक्के सवलत. २४ मार्च २०२० च्या आधीपासून धंदा करत असल्याचा पुरावा लागायचा, तो आमच्या पिशवीत होता. बँकेत तीन चकरा झाल्या. त्या पैशांतून मी पोहे, तेल आणि शेंगदाणे भरले आणि ऑगस्टमध्ये गाडा पुन्हा लावला. पहिल्या दिवशी अकरा प्लेट गेल्या. पुढचं २०,००० चं कर्ज वर्षभरात मिळालं, त्यातून स्टीलचा नवा काउंटर केला, हात धुवायच्या नळासकट. बँकेनेच तेव्हा स्कॅनर दिला. आता सतरा मिनिटांत सुट्ट्या पैशांसाठी कुणी थांबत नाही. पैसे आल्याचं यंत्र मोठ्याने सांगतं आणि मी मान वर न करता पुढची प्लेट भरते. सुट्टे नसल्यामुळे रोज चारपाच गिऱ्हाईकं जायची, ती थांबली.

आता हिशेब, कारण मला सगळे तेच विचारतात. आजची प्लेट २५ रुपयांची. मी गाडा घेतला तेव्हा १५ ची होती. रोज नऊ किलो पोहे आणि तीन किलो रवा लागतो, म्हणजे साधारण १८५ प्लेट, साडेचार हजारांच्या वर गल्ला. पोहे, रवा, तेल, दाणे, कांदा, शेव, कोथिंबीर, लिंबू मिळून पंधरा-सोळाशे. गॅसचे दिवसाला सव्वादोनशे, बशा धुवायला आणि वाढायला ज्या ताई येतात त्यांचे चारशे, पाण्याचे जार, साबण, शेडचं भाडं धरून दीडशे. हातात सव्वादोन हजारांच्या आसपास राहतात. हे चांगल्या दिवसाचं. गुरुवारी आमच्याकडच्या कारखान्यांना सुट्टी असते, त्या दिवशी गाडा नाही. गणपतीत पाच दिवस नाही, दिवाळीत आठ दिवस नाही. पावसात प्लेट तीसेक कमी होतात. महिन्याला पंचवीस दिवस धरायचे आणि सुरुवातीलाच पाच हजार बाजूला टाकायचे. शेगडीचे बर्नर, गाड्याची चाकं, ताडपत्री यांत ते जातातच. आमची दहा बायकांची भिशी आहे, ते पैसे तिथे ठेवते. घरात ठेवले तर ते राहत नाहीत.

सगळ्यात जास्त मी शेवेवर विचार केला. प्लेटमागे दीड रुपयाची शेव जाते, तेलापेक्षाही जास्त. एक महिना मी शेव बंद केली होती आणि ओलं खोबरं टाकत होते, ते त्याहून महाग पडलं. शेवटी पळी बदलली. मोठ्या चमच्याऐवजी छोटा खोलगट चमचा ठेवला. गिऱ्हाइकाला शेव तेवढीच दिसते, कारण ती पसरत नाही, मध्ये उभी राहते.

भाव वाढतात तेव्हा काय करायचं, यावर आई आणि मी बऱ्याचदा भांडलो. डिसेंबर २०१९ मध्ये कांदा शंभरावर गेला. मी म्हटलं, कोबी मिसळू. त्या म्हणाल्या, "कांदेपोह्यांत कोबी घालणाऱ्याकडे मी तरी गेले नसते." कांदा अर्धा केला, पण कोबी घातला नाही, आणि गाड्यावर पाटी लावली की कांदा महाग असल्याने महिनाभर कमी पडेल. लोकांनी वाचली आणि खाल्लं. एप्रिल २०२२ मध्ये लिंबू दहा-दहा रुपयांना एक झालं. तेव्हा मी फोड देणं बंद करून लिंबाचा रस फोडणी झाल्यावर परातीतच पिळायला लागले. एका घाण्याला चार लिंबं पुरायची, आधी बारा लागायची. जून आला तशी फोड पुन्हा सुरू केली, कारण स्वतःच्या हाताने लिंबू पिळणं हाही खाण्याचा भाग आहे.

वडे आणि मिसळही करून बघितली, २०१८ मध्ये, दोन महिने. तळणाची कढई लावली की दुसरी शेगडी अडते आणि सहा पस्तीसला पोह्यांचा दुसरा घाणा मागे पडतो. मिसळ खायला माणसाला दहा मिनिटं लागतात, तेवढा वेळ तो जागा अडवून उभा राहतो. गल्ला वाढला होता, पण सकाळची माणसं मागच्या रांगेतून निघून जात होती. बंद केलं.

बशांबद्दल थोडं. आजूबाजूला बरेच जण प्लेटवर प्लास्टिकचा कागद लावून वाढायचे, धुवायची कटकट नाही म्हणून. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, पण आमच्याकडे स्टीलच्या बशा आधीपासून होत्या. ऐंशी बशा, तीन टब. पहिल्यात खरकटं काढायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात कढत पाणी. पार्सलला वर्तमानपत्राचा कागद वापरत नाही, शाई अन्नाला लागते. गिऱ्हाईक धुण्याकडे बघत असतं, बोलत नाही. एकदा एक मुलगी, नवीन ट्रेनी, तीन दिवस नुसती चहा पीत उभी राहायची आणि टबांकडे बघायची. चौथ्या दिवशी तिने प्लेट मागितली. आता तिच्या लाइनवरच्या सात मुली येतात.

उधारी दहा तारखेपर्यंतच. कंत्राटी मुलांचे पगार सात ते दहाच्या दरम्यान होतात, म्हणून ती तारीख. दहाला ज्याचे आले नाहीत त्याला मी विचारते, "पगार झाला का रे?" एवढंच. पगार झालाच नसेल तर पुढे चालू. पगार होऊनही दिले नाहीत तर अकराला प्लेट द्यायची, पण वहीत लिहायची नाही. तो ओळखतो. हे आईंचं. मला आधी वाटायचं, असं कोण देईल? नव्वद टक्के देतात.

मागच्या आठवड्यात सहा पस्तीसच्या बसमधल्या मुलांनी बातमी आणली. मोठ्या दोन कारखान्यांनी पाळीची वेळ बदलली आहे, पुढच्या महिन्यापासून पहिली पाळी साडेसहाला. म्हणजे बस सहा पाचला, पंचिंग सहा पंचवीसला. घरी येऊन आईंना सांगितलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या. बोटांवर काहीतरी मोजून म्हणाल्या, "गजर पावणेतीनचा लाव. आणि शेडवाल्याला आजच सांगून ठेव, किल्ली पावणेपाचला लागेल." मी शेडवाल्याला फोन लावला.